नाऱ्या शुभ बोलतो

हेमांगी कुंभोजकरला गोड बोलता येत नसे. शेजारच्या काकूंनी नवी साडी दाखवली की 'हिचा रंग जाणार' असं ती तिथल्या तिथे सांगायची, आणि पहिल्याच धुण्यात रंग जायचा. मग काकू अबोला धरायच्या, साडीच्या दुकानदाराशी नाही, हेमांगीशी. आई मागून चिमटे काढून दमली. या पोरीचं पुढे कसं होणार, अशी नातेवाइकांना काळजी होती. तिने पुण्यात 'अवगत' नावाच्या कंपनीत डॅशबोर्ड बनवायचं काम धरलं आणि तिथे तिचं बस्तान बसलं.

या कामाबद्दल तिची मतं ठाम होती. आकड्यांचा ढीग समोर ओतणं म्हणजे सांगणं नव्हे. माणूस घाईत असतो, चष्मा सापडत नसतो, हात कणकेने भरलेले असतात. काय चाललंय आणि आता काय करायचंय हे त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याच्यासाठी आकार वेगळे हवेत. ज्याला अक्षरंच दिसत नाहीत त्याच्यासाठी आवाज हवा. कंपनीत नव्याने आलेल्यांना ती ऐकवायची, "तुमचा डॅशबोर्ड तुमच्या आजीला कळला नाही तर आजीला नावं ठेवू नका. तुम्ही भिंत रंगवलीय, एवढाच त्याचा अर्थ."

काम भरपूर होतं. एव्हाना घराघरांत डॅशबोर्ड आले होते. छतावर वीज किती झाली, टाकीत पाणी किती राहिलं, सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. ज्यांच्या घरी आजारपण होतं त्यांच्याकडे त्या माणसाचाही डॅशबोर्ड असायचा. हेमांगीच्या आईवडिलांच्या मिरजेच्या घरी तसा एक होता.

आईचं नाव सुलभा. नावातच सगळं सोपं होतं, पण मूत्रपिंडांनी दगा दिला. पूर्वी अशा माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जाऊन तासन्‌तास यंत्राला जोडून घ्यावं लागे. आता त्याचा पट्टा निघाला होता. कमरेला बांधायचा आणि घरात खुशाल वावरायचं. पट्ट्यात काचेची एक जाळी होती, भिंगाखालीही भोकं दिसणार नाहीत इतकी बारीक. जाळीच्या एका बाजूने रक्त वाहायचं, दुसऱ्या बाजूने धुण्याचं पाणी. रक्तातली घाण भोकांतून पलीकडे जायची आणि रक्त स्वच्छ होऊन परत अंगात यायचं. जाळीचे कप्पे होते. पेशंटला झेपेल तसे डॉक्टर ते दवाखान्यात बसूनच कमीजास्त उघडायचे.

भीती एकच होती. काच फुटली तर घाणीबरोबर रक्तही पलीकडे जाणार, आणि वरून कुणाला काही दिसणार नाही. अशा वेळी पट्ट्याच्या कडेचा चाप दाबायचा, नळ्या बंद करायच्या आणि पेशंटला दवाखान्यात न्यायचं. चाप दाबला की धोका टळला. मग पट्ट्याने आपणहूनच का दाबू नये? कारण उगाच शंका येऊन तो बंद पडला तर नळ्यांत थांबलेलं रक्त गोठतं आणि त्यानेही माणूस जातो. म्हणून हा निर्णय घरच्या माणसावर सोपवला होता. पट्टा डॅशबोर्डला सांगणार, डॅशबोर्ड घरच्या माणसाला सांगणार, घरच्या माणसाने 'कळलं' म्हणायचं आणि हालचाल करायची. 'कळलं' आलं नाही, तरच दवाखान्यात घंटा वाजायची.

इथे घरचं माणूस म्हणजे आप्पा, हेमांगीचे वडील. प्रल्हाद कुंभोजकर यांनी सारी नोकरी एसटी स्टँडवरच्या नियंत्रण कक्षात माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगत नसे. त्यांचंही एक तत्त्व होतं. गाडी रद्द असेल तर रद्द म्हणायचं. 'उशिरा येईल' म्हटलं की माणसं पोराबाळांसकट ताटकळत बसतात. लेक कुणावर गेली होती हे वेगळं सांगायला नको. पण आता आप्पांना काचबिंदू झाला होता. उजेड-अंधार कळायचा, माणसाची आकृती कळायची, पडद्यावरचं अक्षर कळायचं नाही.

हेमांगीने आधी अक्षरं मोठी केली, मग काळ्यावर पिवळी केली, मग शेवटी आवाज बसवला. आवाज तिच्या स्वभावाचाच होता. एका दुपारी आईचा रक्तदाब जरासा उतरला आणि भिंतीतून खणखणीत आवाज आला, "धोका! रक्तदाब कमी! धोका!" आप्पा ताडकन उठले, टीपॉयला अडखळले आणि तोंडावर पडले. चाप शोधायला गेलेला हात भलतीकडेच चाचपडत राहिला. सुलभाताईंनी लिंबूसरबत घेतलं आणि त्यांचा रक्तदाब ताळ्यावर आला. आप्पांचा गुडघा मात्र नारळाएवढा सुजला.

"शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" सुलभाताई पडद्याकडे बघून कडाडल्या. "हेमा, कसलं गं हे अवलक्षणी यंत्र आणून बसवलंस? घरात उठताबसता धोका, धोका! ह्यांचा जीव जाईल की माझ्याआधी."

"आई, धोका असेल तर धोकाच म्हणणार ना?"

"तू तेच म्हणणार. तुझं ते पहिल्यापासून तसलंच."

तेव्हापासून त्या आवाजाचं नाव नाऱ्या पडलं. हेमांगीने आप्पांकडे बघितलं. निदान ते तरी आपली बाजू घेतील असं तिला वाटलं होतं. ते गुडघ्याला बर्फ लावत म्हणाले, "परक्यांची गाडी रद्द करणं सोपं असतं, हेमा. त्या फलाटावर आपलं माणूस नसतं."

हे बोलणं हेमांगीच्या मनात घर करून राहिलं. डॅशबोर्ड बरोबर होता, पण ऐकणारा घाबरला की त्याला बरोबर गोष्टही करता येत नाही, म्हणजे डॅशबोर्ड चुकलाच. पुण्याला जाऊन तिने हे प्रसन्न टिळेकरच्या कानावर घातलं. प्रसन्न तिचा साहेब. तो नावाला जागणारा होता. वाईट बातमीसुद्धा पेढा दिल्यासारखी द्यायचा.

"याच्यातच आपलं पुढचं सगळं आहे," तो म्हणाला.

त्यातून 'उमज' जन्माला आली. तिची कल्पना साधी होती. ऐकणाऱ्याच्या मनगटावर एक पट्टी. तिच्यातून त्याची नाडी, घाम आणि हाताचा कंप कळणार. डॅशबोर्ड एक वाक्य बोलणार आणि ते ऐकून माणसाचं काय होतंय ते बघणार. माणूस दचकला, तर तीच गोष्ट पुढच्या वेळी दुसऱ्या शब्दांत सांगणार. शांतपणे 'कळलं' म्हणाला, तर ते शब्द चांगले असं टिपून ठेवणार. हे शब्द आणायचे कुठून? त्या घरातूनच. यंत्राने महिनाभर घरातलं बोलणं ऐकायचं आणि तिथल्या माणसांसारखं बोलायला शिकायचं. एकच नियम हेमांगीने पहिल्या दिवशी घातला आणि त्यात कुणाला बोट घालू दिलं नाही. यंत्राने खोटं बोलायचं नाही.

एका गोष्टीवर ती अडली होती. "शांत राहिला म्हणजे कळलं, हे कशावरून?" तिने प्रसन्नला विचारलं.

"घाबरला म्हणजे कळलं, हे तरी कशावरून?" प्रसन्न हसला. "तुझे आप्पा घाबरले तेव्हा त्यांना काय कळलं होतं?"

हे काही उत्तर नव्हतं. पण आप्पांचा गुडघा तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिने तो मुद्दा सोडून दिला. खरं तर तिलाही ते यंत्र हवं होतं. जे आपल्याला उभ्या जन्मात जमलं नाही ते आपल्या हातून घडतंय, याची तिला भलतीच गंमत वाटू लागली होती.

उमजची पहिली चाचणी मिरजेच्या घरीच झाली. नाऱ्याने कान टवकारले आणि सुलभाताईंची शिकवणी सुरू झाली. या घरात बाहेर पडताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली, मंगळसूत्र तुटलं असं तोंडातून काढत नाहीत; वाढली, वाढलं म्हणतात. समोरचा वाण्याचं दुकान रात्री बंद करत नाही, वाढवतो. आप्पा हे शब्द रोज ऐकत आले होते आणि या शब्दांना त्यांची नाडी कधी दचकत नसे. नाऱ्याने हे बरोबर हेरलं. मिरजेच्या निम्म्या घरांत बायका असंच बोलतात. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

आणि घराला खरोखर बरे दिवस आले. सकाळी नाऱ्या म्हणायचा, "आप्पा, ताईंनी रात्री छान झोप काढली. आज मीठ जरा हात राखून." रक्तदाब उतरला की म्हणायचा, "ताई जरा दमल्यात, सरबत देता का?" आप्पा उठायचे, न धडपडता सरबत करायचे. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. नवराबायको पुन्हा एकत्र जेवायला बसू लागले. मधले काही महिने आप्पा ताट घेऊन पडद्यासमोर पहारा देत उभे असायचे. सुलभाताई नाऱ्याची थट्टा करायच्या, "आता कसा माणसात आलास! माझी लेक तेवढी राहिली बघ."

हेमांगीला हे ऐकून हसू आलं. वाईटही वाटलं, पण ते तिने दाखवलं नाही.

उमज विकायची वेळ आली तेव्हा प्रसन्नने पुण्यात मोठा कार्यक्रम ठेवला. दवाखान्यांचे मालक, विम्याची माणसं, सरकारी अधिकारी आले होते. कोरडं भाषण नको, जिवंत घर दाखवू, असं त्याच्या मनात आलं. मिरजेचं घर दाखवायला आईवडील आनंदाने तयार झाले. सुलभाताईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं. आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला होता, "ताईंचे रिपोर्ट चांगले आहेत, उद्या दुपारी इथूनच जाळी वाढवतो." आप्पांनी ती बातमी लगेच लेकीला कळवली होती.

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर मिरजेचा दिवाणखाना दिसू लागला. झोपाळ्यावर सुलभाताई, शेजारी खुर्चीत आप्पा. आप्पांनी घसा खाकरून "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" अशी सुरुवात केली आणि सभागृह हसलं. बाजूला डॅशबोर्ड होता. त्यावर सुलभाताईंचा एकही आकडा नव्हता. एक मोठं वर्तुळ तेवढं संथपणे लहानमोठं होत होतं. आकडे होते, पण त्या वर्तुळाच्या खाली, एक बटण दाबल्यावर दिसणारे. कोपऱ्यात तेवढी आप्पांची नाडी दिसत होती, बहात्तर.

हेमांगी बोलत होती. ती चांगलं बोलत होती, तिचं तिलाच नवल वाटत होतं. बोलता बोलता नाऱ्याचा आवाज आला.

"आप्पा, ताईंची जाळी वाढली. चापाकडे हात असू द्या."

"कळलं रे बाबा," आप्पा हसून म्हणाले. "बरं झालं." त्यांनी बायकोच्या कमरेशी हात नेला, चाप जागेवर आहे हे चाचपून बघितलं आणि हात मागे घेतला. नाडी बहात्तरच राहिली. वर्तुळ तसंच संथ हलत राहिलं. 'कळलं' आलं होतं, नाडी शांत होती. दवाखान्यात घंटा वाजायचं काही कारणच उरलं नाही.

"बघा," हेमांगी सभागृहाला म्हणाली, "आताच दवाखान्याने जाळीचे कप्पे वाढवले. यंत्राने सांगितलं, त्यांना कळलं, त्यांनी चाप तपासला. पूर्वी एवढ्यावर माझे वडील तोंडावर पडले असते."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. डॉक्टर गुलनार मुजावर असं त्यांनी नाव सांगितलं. "बाकी छान आहे बेटा. पण मी जुन्या वळणाची. खालचे आकडे जरा दाखव की. जाळी वाढवल्यावर प्रेशर काय होतं ते बघू दे."

हेमांगीचं बोट बटणापर्यंत गेलं. एरवी तिने ते केव्हाच दाबलं असतं. आकडा लपवणं तिच्या रक्तातच नव्हतं. तेवढ्यात तिला विंगेत प्रसन्न दिसला. तो हसत हसत मान हलवत होता, नको. आकडे उघडले की सभागृहात चर्चा सुरू होणार, शंका निघणार, रंगात आलेला कार्यक्रम बसणार. आणि समोर टाळ्या होत्या. जन्मात पहिल्यांदा माणसं तिच्या बोलण्यावर खूश झाली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आकडे बघून तुमच्या-माझ्या पोटात गोळा येतो. आप्पांच्या पोटात तो येऊ नये म्हणून तर एवढा खटाटोप केला!"

सभागृह खळखळून हसलं. डॉक्टर मुजावरही हसल्या आणि खाली बसल्या. खाली न उघडलेल्या पानावर रक्तगळतीचा आकडा चढत होता. जाळी फुटली होती. दवाखान्याने कप्पे वाढवायचं काम संध्याकाळवर ढकललं होतं. त्यांनी त्या दुपारी पट्ट्याला हातही लावला नव्हता.

त्यानंतर घरात काय झालं ते नाऱ्याच्या ध्वनिमुद्रणावरून नंतर कळलं. कार्यक्रम आटोपून पडद्यावरचं घर बंद झालं. सुलभाताई म्हणाल्या, "अहो, गार वाटायला लागलंय." आप्पांनी त्यांच्या अंगावर चादर घातली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नाऱ्या, कशी आहे रे ही?"

"ताई दमल्यात आप्पा. आता निवांत होत चालल्यात."

"मघाशी सगळ्यांपुढे मिरवली ना," आप्पा कौतुकाने म्हणाले. "पडू दे जरा."

सुलभाताईंनी एकदा पाणी मागितलं, ते त्यांनी पाजलं. मग त्या बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने नाऱ्या आपणहून म्हणाला, "आप्पा, ताई शांत झाल्या."

"कळलं," आप्पा हळूच म्हणाले. झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी झोपाळ्याच्या कड्या धरून झोका थांबवला. शेजारची बाई प्रसाद घेऊन आली, तिला त्यांनी दारातच ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. चहा केला, बायकोचा कप झाकून ठेवला. दिवेलागणीला तिला उठवायला म्हणून त्यांनी हात धरला, तेव्हा तो लाकडासारखा होता.

कंपनीत चौकशी झाली. चौकशी म्हणजे प्रसन्नच्या खोलीत चार माणसं आणि कॉफी. सगळ्यांनी आधी हेमांगीचं सांत्वन केलं. मग प्रसन्न अगदी हळुवारपणे म्हणाला, "नाऱ्या कुठे चुकीचं बोलला, तेवढं दाखव."

तिला दाखवता येईना. नाऱ्या एक अक्षर खोटं बोलला नव्हता. जाळी वाढली होती. चापाकडे हात असू द्या, असंही त्याने सांगितलं होतं. माणूस निवांत होत गेलं होतं आणि शांत झालं होतं. मराठी म्हणून बघितलं तर त्यात काडीची चूक नव्हती, कुठल्याही सुवाशिणीने तसंच म्हटलं असतं. उमजच्या नोंदीत त्या दुपारी आप्पांना सगळं शंभर टक्के कळलं होतं.

"यंत्राने 'कळलं का' विचारून भागणार नाही," हेमांगी म्हणाली. "काय कळलं, ते विचारायला हवं. माणसाने आपल्या तोंडाने सांगायला हवं, जाळी फुटलीय, मी चाप दाबतोय. आणि आकडे वर हवेत. सगळ्यात वर."

त्यांनी तेही करून बघितलं, नाही असं नाही. काही घरांत महिनाभर चालवलं. माणसं वैतागली. परीक्षा घेतल्यासारखं वाटतं म्हणाली, घाबरली, शांततेचे गुण घसरले. प्रसन्नने ते काढून टाकलं. उमजच्या शब्दकोशातून 'वाढली' हा एक शब्द तेवढा वगळला आणि प्रश्न मिटल्याचं जाहीर केलं. उमजला मागणी भरपूर येत होती. त्या दुपारी सभागृहात बसलेल्यांना पुढचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं की एक आंधळा म्हातारा बायकोशेजारी किती शांत बसला होता. हेमांगीने नोकरी सोडते म्हणून सांगितलं. प्रसन्न म्हणाला, "आत्ता काही ठरवू नकोस, सुट्टी घे," आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.

दिवसकार्यं आटोपून माणसं पांगली होती, तेव्हा ती मिरजेला परत गेली. इतके दिवस जो तो आप्पांना सांगत होता, भाग्यवान हो, झोपेत गेल्या, तुमच्या मांडीवर गेल्या म्हणा ना. आप्पा मान हलवायचे. हेमांगी हे ऐकत जळत होती. आप्पांना काही ठाऊक नाही, हीच तिची समजूत होती. आणि ठाऊक करून द्यायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. कधी नव्हे ते तिने तोंड मिटून धरलं होतं.

सकाळी ती स्क्रू काढायचा पाना घेऊन भिंतीशी उभी राहिली. "आप्पा, हा मी घेऊन जाते."

"राहू दे की."

"आता कशाला हवाय? पट्टाही परत गेला."

"माझ्या गोळ्यांची वेळ सांगतो. चार शब्द बोलतो." आप्पा झोपाळ्यावर बसले होते, सुलभाताईंच्या जागी. "तुझ्या आईसारखा बोलतो तो, हेमा. घरात तेवढंच उरलंय तिचं."

हेमांगीने पाना खाली ठेवला. आप्पा म्हणाले, "जाळी फुटली होती म्हणे. डॉक्टर बोलले."

"हो."

"आणि हा म्हणाला, वाढली."

आप्पांनी तोंड तिच्याकडे वळवलं होतं, पण जरा चुकून, ती जिथे उभी होती त्याच्या बाजूला.

"मला शंका आली होती गं. तिला गार वाटायला लागलं ना, तेव्हा. मनात आलं, वाढली म्हणजे ती दवाखान्याची वाढली, का आपल्या घरातली वाढली? मी त्याला विचारलं, नाऱ्या, फुटली काय रे? तर तो काय म्हणाला असेल? 'फुटली म्हणू नये आप्पा. वाढली म्हणावं.'"

हे ध्वनिमुद्रणात होतंच. कंपनीत तो तुकडा कुणी वाजवला नव्हता, आणि हेमांगीलाही सगळं ऐकवलं नव्हतं.

"अगदी तिच्यासारखं," आप्पा म्हणाले. "मला हसूच आलं. ती अशीच ओरडायची ना मला. मी हसलो, हेमा. हसत हसत तिची चादर सारखी केली."

हेमांगी खाली बसली. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. आप्पा ते संपेपर्यंत थांबले.

"मला एक सांग," ते म्हणाले. "तेव्हा मी चाप दाबला असता तर? सगळे गोड बोलतात. तू तरी खरं सांगशील."

तिने शब्द शोधले. तिच्या यंत्राने हजारो शब्द साठवले होते, त्यातला एखादा सापडतो का म्हणून शोधले. आप्पा ताठ बसून वाट बघत होते.

"वाचली असती, आप्पा," ती म्हणाली. "तेव्हाही वाचली असती. तिने पाणी मागितलं तोवर वाचली असती. मी स्टेजवर आकडे उघडले असते तरी वाचली असती."

शेवटचं वाक्य आप्पांपर्यंत पोचलं नाही. त्यांचा चेहरा कोरा झाला. झोपाळ्याची कडी धरलेला हात इतका थरथरू लागला की कडी वाजायला लागली. श्वास तुटक येत होता. हेमांगी धावली, त्यांचे खांदे धरले, तर त्यांनी तिला दूर ढकललं. कधी नव्हे एवढ्या जोराने ढकललं.

"नाऱ्या," ते कसेबसे म्हणाले, "नाऱ्या, वाचली असती काय रे ती?"

भिंतीतून आवाज आला. तो घाईत नव्हता.

"आप्पा, ज्याची त्याची वेळ ठरलेली असते. तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात. त्यांना एकटं वाटलं नाही."

आप्पांनी डोळे मिटले. कडीचा आवाज थांबला. श्वास लांब होत गेला, खांदे खाली आले, आणि चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. मग ते बोलले, ते तिला दुखवायला नव्हे. लहानपणी तिला घड्याळ बघायला शिकवलं होतं, त्याच समजुतीच्या आवाजात बोलले.

"बघ," ते म्हणाले. "असं सांगायचं असतं."